'अफसाना लिख रही हूँ' वाली उमादेवी म्हणजे आपली टुनटुन?? मग गाणं का सोडलं तिने?

मृण्मयी_क

मंडळी, जुन्या गाण्यांच्या जाणकारांनी जरा मदत करा. 'अफसाना लिख रही हूँ' माझं अत्यंत आवडतं गाणं, कॅसेटच्या कव्हरवर गायिका म्हणून उमादेवी एवढंच नाव असायचं आणि मी धरून चाललेले की असेल त्या काळातली कोणीतरी, चार गाणी गायली, लग्न झालं, संपलं. आता यूट्यूबवर त्याच गाण्याखाली कोणीतरी लिहिलंय की ही टुनटुन. टुनटुन!! म्हणजे ती पिक्चरमध्ये दारातून आत आली की थिएटर हसायला लागायचं ती. मला आधी वाटलं व्हॉट्सअॅप छाप गंमत असेल पण दोन-तीन ठिकाणी शोधलं तर खरंच निघालं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. एवढं गाणं येणारी बाई विनोदी रोलकडे वळली कशी, म्हणजे स्वतःहून गेली की गाणी मिळेनाशी झाली म्हणून? आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर विषय निघाला तर सासरे एका वाक्यात म्हणाले लता आली ना मग काय होणार. हे इतकं सोपं आहे का? आणि तिची अजून कुठली गाणी ऐकावीत तेही सांगा, मला हे एकच माहीत आहे.

जुना_रेडिओ

मृण्मयीताई, छान धागा. टंकायला वेळ लागेल, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

उमादेवी खत्री, जन्म १९२३, उत्तर प्रदेशात अमरोह्याच्या बाजूचं खेडं. आईवडील ती अगदी लहान, दोन-अडीच वर्षांची असताना गेले, जमिनीच्या वादातून मारले गेले असं सांगतात. एक भाऊ होता आठ-नऊ वर्षांचा, तोही तसाच गेला. सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्या शिशिर कृष्ण शर्मांना तिने अगदी शेवटच्या काळात मुलाखत दिलेली त्यात ती सांगते की आईबाप दिसायला कसे होते तेही तिला आठवत नाही. मग नातेवाइकांकडे राहिली, राहिली म्हणजे काय, दोन वेळच्या जेवणावर घरकाम. गाणं शिकवायला कोण बसलंय, रेडिओवर जे कानावर पडेल ते उचलायचं एवढंच. आणि एक दिवस हे सगळं टाकून मुंबईला आली, एकटी, चाळीसच्या दशकात. जरा विचार करा काय धाडस असेल. इथे ओळख कोणाची नाही, अरुण आहुजा आणि निर्मलादेवी (गोविंदाचे आईवडील) यांनी तिची सिनेमातल्या लोकांशी गाठ घालून दिली असं वाचलंय.

मग तो प्रसिद्ध किस्सा. ही थेट संगीतकार नौशादच्या दारात गेली आणि म्हणाली मला गाता येतं, संधी दिली नाहीत तर समुद्रात जीव देईन. आता यात मीठमसाला किती हे नौशादलाच माहीत, पण त्याने तिथल्या तिथे ऐकलं आणि घेतलं हे बहुतेक सगळेच सांगतात. त्याआधी 'वामिक अज़रा' म्हणून एका पिक्चरमध्ये गायली होती पण ते कोणाच्या लक्षात नाही.

आणि १९४७ ला 'दर्द'. निर्माता-दिग्दर्शक कारदारचा पिक्चर, संगीत नौशाद आणि गाणी शकील बदायुनीची, शकीलचा हा पहिलाच पिक्चर बरं का, म्हणजे नौशाद-शकील जोडी पुढे 'मुगल-ए-आज़म' पर्यंत गेली तिची सुरुवात जिथून झाली त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं उमादेवीचं आहे! पडद्यावर मुनव्वर सुलताना. शिवाय त्याच पिक्चरमध्ये सुरैयाबरोबर 'बेताब है दिल दर्द-ए-मोहब्बत के असर से', हे दोघींचं. सुरैया त्यावेळी स्टार होती, तिच्यासमोर ही पोरगी कुठेही दबलेली नाही, नीट ऐका.

रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा, शेवटी आठाच्या आधी सैगल ठरलेला. त्यात उमादेवी भरपूर लागायची. आमच्या पिढीला उमादेवी आणि टुनटुन दोन्ही माहीत होत्या पण दोघी एकच हे कित्येकांना माहीत नव्हतं, तुम्ही एकट्या नाही.

कोल्हापुरी_तडका

आला का परत लताचा विषय 😀 सासरेबुवांना सांगा की १९४७ ला लताच स्वतः नवी होती. तिचं हिंदीतलं पहिलं पार्श्वगायन 'आप की सेवा में' मधलं, वसंत जोगळेकरांचा पिक्चर आणि संगीत दत्ता डावजेकर, म्हणजे आपलीच माणसं, तोही त्याच सुमारास आला आणि कोणी फार लक्ष दिलं नाही. त्याच वर्षी गीता रॉय 'दो भाई' मधून एकदम पुढे आली. म्हणजे तिघी एकाच रांगेत उभ्या होत्या आणि त्या वर्षापुरतं बघाल तर लतापेक्षा उमादेवीचं नाव जास्त झालेलं.

खरा बदल १९४९ चा. 'महल', 'बरसात', 'अंदाज़', 'बड़ी बहन' सगळं एका वर्षात. त्यानंतर सगळ्यांचीच गणितं बदलली, एकट्या उमादेवीची नाही. शमशाद बेगम टिकून राहिली, पण नौशादने हळूहळू मोर्चा लताकडे वळवला हे खरं आहे. यात लताने कोणाला काय केलं? संगीतकारांना जे हवं होतं ते तिच्याकडे होतं. उगाच बिचारीला व्हिलन करतात लोक.

सूरपेटी

कोल्हापुरी_तडकाशी सहमत पण थोडं गाण्याच्या अंगाने. मी पेटी शिकवते म्हणून नाक खुपसते.

उमादेवीला तालीम नव्हती आणि ते ऐकू येतं. आवाज मोकळा, किंचित नाकातला, जरासा जाड, नूरजहाँ वगैरेंच्या वळणाचा. तो काळच तसा होता, बाई गाते म्हणजे छातीतून भरून गाते. 'अफसाना' वाजवून बघा, चाल फार वर जात नाही, नौशादने तिच्या गळ्याला जिथे गोडवा आहे तेवढ्यातच फिरवलंय आणि म्हणून ते इतकं भावतं. माझ्या मते त्या गाण्याची सगळी जादू यातच आहे की ती हरकती घ्यायला जात नाही. 'इंतज़ार का' म्हणताना आवाज जसा खाली सोडते ना, तसं शिकून येत नाही.

पण पुढे काय झालं, चाली वर सरकायला लागल्या. वाद्यमेळ मोठा झाला, माइक सुधारले आणि पातळ, वरच्या सप्तकात सहज फिरणारा आवाज रेकॉर्डिंगला चमकायला लागला. तशा चाली झाल्या की मग जुन्या वळणाच्या गायिकेला देणार काय? तिच्या गळ्याचा पल्ला कमी होता हे सरळ आहे, त्यात कमीपणा नाही. त्यातून नूरजहाँ पाकिस्तानात गेली, खुर्शीदही गेली, तर असं वाटेल की त्यांची जागा उमादेवीला मिळायला हवी होती, उलट झालं, तो आवाजच जुना वाटायला लागला.

जुना_रेडिओ

सूरपेटी अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो.

१९४८ ला मद्रासला जेमिनी स्टुडिओच्या वासनसाहेबांनी 'चंद्रलेखा' काढला, हो तोच मोठमोठ्या नगाऱ्यांवरच्या नाचाचा, हिंदीतही आणला. त्यात उमादेवी भरपूर गायली, 'साँझ की बेला' त्यातलंच. गायिका म्हणून हे तिचं सगळ्यात वरचं टोक समजतात. पण म्हणतात की कारदारशी करार असताना ती बाहेर गायली त्यावरून बिनसलं आणि मुंबईतलं काम आटत गेलं. आतल्या गोष्टी आपल्याला काय ठाऊक, पण त्या काळी स्टुडिओशी बांधलेलं असणं म्हणजे नोकरीच. परळच्या कारदार स्टुडिओत सगळा कारभार एका छपराखाली चालायचा, गाणारे, वाजवणारे, नट सगळे बांधलेले. तिथून सुटली की बाहेर गायला तोंडओळखी लागतात आणि हिच्याकडे तर ना गुरू, ना घराणं, ना मागे कोणी.

त्यात लग्न, मुलं. दोन मुली दोन मुलगे. नवऱ्याबद्दल दोन वेगवेगळ्या हकिगती वाचायला मिळतात, एक अशी की 'अफसाना' ऐकून वेडा झालेला दिल्लीचा माणूस मुंबईला आला आणि लग्नच झालं. ही हकिगत खरी असावी असं मला मनापासून वाटतं पण ते सोडा. मुद्दा असा की गाणी कमी झाली आणि घर चालवायचं होतं. १९४९ च्या 'दिल्लगी' मध्ये शमशादबरोबर 'मेरी प्यारी पतंग' आहे, त्यानंतर फारसं काही सांगण्यासारखं उरत नाही. सगळी मिळून चाळीस-पंचेचाळीस गाणी असतील.

मग परत नौशाद. त्यानेच सुचवलं की तू विनोदी काम कर, बोलणं फटकळ आहे, स्वभाव खुशालचेंडू आहे, जमेल तुला. बाईने अट घातली की करेन तर दिलीपकुमारबरोबर नाहीतर नाही! आणि मिळालाही, 'बाबुल', १९५०. संगीत नौशादचंच, दिलीपकुमार-नर्गिस आणि मुनव्वर सुलताना. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जिच्या तोंडी आपला आवाज होता तीच समोर हिरॉइन म्हणून उभी आणि आपण आता कॉमेडी करायची. टुनटुन हे नाव दिलीपकुमारने त्याच वेळी ठेवलं असं सांगतात आणि ते असं चिकटलं की उमादेवी मागेच राहिली.

वेलदोडा

हे सगळं वाचून छान वाटलं पण मला एक खटकतंय, बोलू का.

टुनटुनचे पिक्चर आपण सगळ्यांनी बघितलेत. तिला काय काम असायचं? जाड आहे म्हणून हसा. खुर्चीवर बसली की खुर्ची मोडणार, कोणाच्या प्रेमात पडली की तो पळत सुटणार, हिरोला लग्नासाठी मुलगी दाखवायची तर चुकून हीच समोर येणार. दर वेळी तेच. आणि ते पडद्यापुरतं राहिलं नाही, आमच्या शाळेत जरा अंगाने भरलेल्या प्रत्येक मुलीला टुनटुन म्हणायचे, मलाही म्हणायचे, आणि त्या पोरांनी तिचा एकही पिक्चर धड बघितलेला नसणार. त्यामुळे 'अफसाना' तिचं आहे हे मला कळलं तेव्हा आधी आनंद नाही झाला, राग आला. म्हणजे हिला हे येत होतं आणि आपण हिला काय दिलं तर खुर्ची मोडायला लावली. नौशादने सुचवलं, दिलीपकुमारने नाव दिलं, हे किस्से आपण गोड म्हणून सांगतो पण मला ते तेवढे गोड वाटत नाहीत.

कोल्हापुरी_तडका

वेल, तुझा राग समजू शकतो पण तिला एवढं बिचारी करू नकोस ना. तिने १९५० पासून १९९० पर्यंत काम केलं, 'कसम धंदे की' हा शेवटचा बहुतेक. जवळपास दोनशे पिक्चर. चाळीस वर्षं या लाइनमध्ये टिकणं खायचं काम नाही, किती हिरॉइनी त्या काळात आल्या आणि गेल्या. गाण्यातच राहिली असती तर १९५५ पर्यंत कोणी विचारलं नसतं. हे मी निर्दयपणे नाही म्हणत, त्या पिढीच्या बाकी गायिकांचं काय झालं ते बघा, कित्येक जणी शेवटी कुठे होत्या कोणाला पत्ता नाही. हिने अंधेरीत स्वतःचं घर चालवलं, मुलं वाढवली. आणि आईबापाविना, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून आलेली पोरगी ही.

वेलदोडा

बिचारी नाही म्हणतेय रे. टिकली त्याचं कौतुकच आहे. पण तिला टिकायला जे करावं लागलं त्यावर आपण बोलायचंच नाही का? पुरुषांचं बघ. जॉनी वॉकरला स्वतःचं गाणं असायचं, 'सर जो तेरा चकराए', पडद्यावर तो गातोय, आवाज रफीचा. ज्याला गाता येत नाही त्या कॉमेडियनला गाणं मिळतंय आणि जिला खरोखर गाता येतं ती बाजूला उभी राहून नुसती डोळे मोठे करतेय. गुरुदत्तच्याच पिक्चरमध्ये, 'प्यासा' मध्ये दोघं आहेत!

सूरपेटी

अगं हा मुद्दा भारी काढलास. माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जुना_रेडिओ

वेलदोडा, मान्य. उत्तर नाही माझ्याकडे. फक्त तिच्या कामाबद्दल दोन शब्द, कारण 'नुसती डोळे मोठे करते' हे मला पटत नाही.

गुरुदत्तने तिला तीनदा घेतलं, 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५' आणि 'प्यासा'. तो माणूस छोट्या रोललाही चेहरा शोधून घ्यायचा. 'प्यासा' मध्ये ती कॉलेजातली पुष्पलता आहे, इतक्या वर्षांनी भेटते, चार वाक्यं असतील, पण तो सीन बघा. नायक विजय सगळ्या जगातून उठलेला माणूस आणि ही समोर तिच्या संसारात मजेत, तिच्या बोलण्यात त्याच्याबद्दल दया नाही की कुचकेपणा नाही. त्या काळोख्या पिक्चरमध्ये क्षणभर खिडकी उघडल्यासारखं होतं. टायमिंग म्हणजे काय हे तिला उपजत कळत होतं आणि माझा आपला समज असा की ते गाण्यातून आलेलं आहे. वाक्याचा शेवट कुठे सोडायचा, कुठे अर्धी मात्रा थांबायचं. तिचा बोलण्याचा आवाज ऐका, खणखणीत, कुठेही शब्द गिळत नाही, मागच्या रांगेतल्या माणसाला कळणार.

पुढे पुढे मात्र तू म्हणतेस तेच झालं. साठनंतरचे बरेचसे रोल एकसारखे. लेखकाला काही सुचलं नाही की टुनटुन बोलवा. तिने तरी काय करावं, लिहून आलेलंच बोलणार ना.

चेन्नईकर_मी

मी इकडे चेन्नईत बरीच वर्षं आहे म्हणून एक वेगळा दाखला. तमिळमध्ये मनोरमा होऊन गेली, इथे सगळे तिला आच्ची म्हणतात. तीही गरिबीतून, नाटकातून आलेली, पहिला पिक्चर १९५८ चा, हजाराच्या वर पिक्चर केले म्हणून गिनीज बुकात नाव. पण फरक असा की तिला कॉमेडी करता करता गायलाही देत होते, स्वतःच्या आवाजात! 'वा वात्यारे' म्हणून तिचं एक गाणं आहे, १९६८ चं, मद्रासच्या झोपडपट्टीतल्या तमिळमध्ये, आजही कुठल्याही ऑर्केस्ट्रात वाजतं. त्याच वर्षी 'तिल्लाना मोहनांबाळ' मध्ये जिल जिल रमामणी, पिक्चर शिवाजी गणेशन आणि पद्मिनीचा पण लोक तिचे सीन पाठ म्हणून दाखवतात. पद्मश्री मिळाली, २०१५ ला गेली तेव्हा रस्त्यावर गर्दी होती.

सांगायचा मुद्दा असा की कॉमेडी करणाऱ्या बाईला काय काम मिळतं हे त्या इंडस्ट्रीत लिहिणाऱ्यांवर असतं. इकडे मनोरमासाठी रोल लिहीत होते, आई, सासू, नाचणारी, भाजीवाली, रडवणारी पण. हिंदीत टुनटुनसाठी कोणी लिहिलंच नाही, तिला नुसतं बोलवत राहिले. आणि गंमत बघा टुनटुनचं गाण्यातलं सगळ्यात मोठं काम पण मद्रासच्याच स्टुडिओत झालं, वरती कोणीतरी 'चंद्रलेखा' लिहिलंय ते.

मृण्मयी_क

बापरे, मी दोन दिवस आले नाही आणि इथे केवढं जमलंय. सगळ्यांचे मनापासून आभार. काल 'प्यासा' परत लावला, फक्त त्या सीनसाठी. जुना_रेडिओकाका, तुम्ही म्हणता ते पटलं. आधी दोनदा बघितलेला पिक्चर पण तेव्हा टुनटुन आली म्हणून हसलेच होते मी, ती काय बोलते ते ऐकलंच नव्हतं.

वेलदोडा, तुझंही पटलं आणि मी तुझ्याच बाजूची आहे. सासऱ्यांना १९४७ ची रांग सांगितली, ते म्हणाले बघू 😀

अजून एक विचारते, बाकी विनोदी नट्या होत्या त्यांचं पण असंच होतं का? शुभा खोटे मला खूप आवडायची, तिला कधी असं हास्यास्पद केलेलं आठवत नाही. आणि मराठीत गाणारी आणि विनोदी अशी कोणी?

कोल्हापुरी_तडका

शुभा खोटेचं वेगळं. ती मुळात खेळाडू, पोहण्यात आणि सायकलिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवरची चॅम्पियन, त्यातून 'सीमा' मिळाला १९५५ ला. घरातच नाटक-सिनेमा, दुर्गा खोटे नात्यातल्या. नंतर मेहमूद-शुभा खोटे-धुमाळ असं त्रिकूट जमलं, 'ससुराल', 'ज़िद्दी', 'लव्ह इन टोकियो', हिरो-हिरॉइनच्या बरोबरीने यांचा वेगळा ट्रॅक चालायचा. त्यात तिला प्रेमकथा होती, गाणी होती, बापाला फसवून मेहमूदला भेटायचं वगैरे. म्हणजे ती विनोद करत होती, टुनटुनवर विनोद होत होता. दिसायला बरी आणि सडपातळ असली की विनोदातही दर्जा वेगळा मिळतो, वेलदोडाचाच मुद्दा फिरून येतो शेवटी.

सूरपेटी

मराठीत लगेच आठवते ती नयना आपटे. संगीत नाटकात पदं म्हणणार आणि विनोदी काम पण झकास, टीव्हीवरही बघितलंय सगळ्यांनी. आपल्याकडे संगीत नाटकामुळे गाणाऱ्या बाईला अभिनय यायलाच हवा अशी रीत होती, त्यामुळे गायिका वेगळी आणि नटी वेगळी असं इतकं झालं नाही. हिंदी सिनेमात पार्श्वगायन आलं आणि दोघींची फारकत झाली. सुरैयासारख्या दोन्ही करणाऱ्या संपत आल्या. उमादेवी नेमकी त्या फटीत सापडली, गळा पडद्यामागचा आणि शरीर पडद्यावरचं, दोन्ही एकत्र वापरायचं कोणाला सुचलंच नाही. विनोदी गाणं स्वतःच्या आवाजात, स्वतःवरच चित्रित, असं एखादं तिला मिळायला काय हरकत होती? किशोरकुमार करत होताच की.

जुना_रेडिओ

मृण्मयीताई, गाण्यांचं राहिलं होतं. 'दर्द' चं 'अफसाना' आणि सुरैयाबरोबरचं झालंच, त्याच पिक्चरमधलं 'ये कौन चला मेरी आँखों में समाकर' ऐका आणि 'आज मची है धूम' पण, दुसरं जरा उडतं आहे, तिचा खेळकरपणा त्यात कळतो. 'नाटक' म्हणून त्याच वर्षीचा पिक्चर, त्यात 'दिलवाले जल जल कर ही मर जाना', हे आजकाल कोणी लावत नाही पण मला फार आवडतं. मग १९४८ चा 'अनोखी अदा', मेहबूबचा, नसीम बानू होती त्यात, 'काहे जिया डोले' आणि 'दिल को लगा के हमने कुछ भी न पाया'. हे दुसरं रात्री ऐकू नका, झोप उडते. 'चंद्रलेखा' ची गाणी जरा शोधावी लागतील, 'साँझ की बेला' मिळेल. 'दिल्लगी' ची पतंग सांगितलीच.

प्रिंट बहुतेक खराब आहेत, खरखर असणार. ज्यात मुद्दाम बॅकग्राउंडला नवे तबले घातलेत आणि आवाज धुऊन काढलाय ती व्हर्जन टाळा, तिच्या आवाजातला जाडपणाच निघून जातो त्यात.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये गेली ती, अंधेरीला. बातमीत टुनटुन नाव होतं, पुढे कंसात उमादेवी. विविध भारतीच्या 'भूले बिसरे गीत' मध्ये मात्र अजूनही नुसतं उमादेवी म्हणतात, टुनटुनचा उल्लेखही नसतो कित्येकदा, म्हणून तर तुमच्यासारख्यांचा घोळ होतो.

वेलदोडा

यादी सेव्ह केली. 'दिलवाले' ऐकतेय आत्ता, काय आवाज आहे!

आणि ज्यांना टुनटुनची कॉमेडी परत बघायची असेल त्यांनी 'कश्मीर की कली' लावा, त्यात ती आहे आणि धुमाळही आहेत. धुमाळांवर कोणीतरी वेगळा धागा काढा ना, मराठी रंगभूमीवरून गेलेला माणूस आणि आपल्याकडे कोणी नाव काढत नाही.

कोल्हापुरी_तडका

काढतो मी. रविवारी. कोणाकडे त्यांच्या नाटकांची जुनी जाहिरात वगैरे असेल तर आत्ताच फोटो काढून ठेवा.